नाशिकच्या एफएम केंद्रांना खुलं पत्र: आमचं रॉक गाणं दिवसा वाजवा

प्रति,
नाशिकच्या सर्व खासगी एफएम केंद्रांचे कार्यक्रम प्रमुख
आणि आकाशवाणी नाशिकचे कार्यक्रम अधिकारी यांस,

सस्नेह नमस्कार.

मी नाशिकमध्ये साउंडचं काम करतो. कॉलेजांची गॅदरिंग, कालिदास कलामंदिरातले कार्यक्रम, गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नं, गणेशोत्सवातली स्टेजं, सगळीकडे माझे मिक्सर आणि स्पीकर जातात. टेम्पोत दिवसभर रेडिओ चालू असतो. त्यामुळे तुम्ही काय वाजवता ते मी रोज ऐकतो आणि या शहरातली मुलं काय वाजवतात तेही ऐकतो. दोन्हीकडे कान असलेली माणसं फार नसावीत, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मागणी आधीच सांगून टाकतो. नाशिकच्या एखाद्या बँडचं एक मराठी रॉक गाणं निवडा. कुठलं ते तुम्हीच ठरवा. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात, इतर नव्या गाण्यांना देता तेवढंच रोटेशन त्याला द्या, रोज चार-पाच वेळा, सलग सहा आठवडे. आणि प्रत्येक वेळी आरजेने बँडचं नाव घ्यावं. सहा आठवड्यांनी चाललं नाही तर खुशाल काढून टाका, मी परत दारात येणार नाही.

आता हे कशासाठी, ते सांगतो.

अंबडच्या एमआयडीसीत एका लेथ वर्कशॉपच्या वर एक खोली आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, खिडकीत गादी कोंबलीय, बेस ड्रमच्या पोटात जुनी गोधडी आहे, ठोका घुमू नये म्हणून. चौघं जण तिथे तालीम करतात. गिटारवाला दिवसा सीएनसी मशीनवर असतो, ड्रमर सिडकोत मोबाइल दुरुस्त करतो, बेस वाजवणारी पोरगी कॉलेजात आहे आणि गाणारा निफाडकडचा, घरी कांदा आणि द्राक्षं. त्यांचं एक गाणं लासलगावच्या मार्केटात लिलाव बंद पडला त्या दिवसावर आहे. ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढणारा बाप आणि ट्रॉलीत कांद्याच्या ढिगावर झोपलेला पोरगा. पहिलं दीड मिनिट नुसती गिटार आणि दबक्या आवाजातलं गाणं. मग ड्रम येतात. तिसऱ्या कडव्याला नाशिक ढोल येतो.

त्या ढोलाचं रेकॉर्डिंग मी केलं. एक माइक टिपरूच्या बाजूला, एक थापेच्या बाजूला, तिसरा खोलीच्या कोपऱ्यात. पहिल्या टेकला सगळा गाळ झाला, कारण ढोल आणि बेस गिटार दोघंही खालच्या पट्टीत, साठ-ऐंशी हर्ट्झच्या आसपास, एकमेकांच्या अंगावर येत होते. ढोलाच्या दोऱ्या आवळल्या, पान थोडं चढवलं, बेस तिथे मिक्सरवर कापला आणि ढोलाला जागा करून दिली. तेव्हा कुठे दोन्ही वेगळे ऐकू आले. देशभरच्या लग्नांत आणि मिरवणुकांत ज्या ठोक्याला आपल्या शहराचं नाव लागलंय, तो ठोका डिस्टॉर्शनवाल्या गिटारखाली असा काही बसला की वर्कशॉपचे कामगार जिन्यात येऊन उभे राहिले.

गेल्या हिवाळ्यात हे गाणं त्यांनी एका गॅदरिंगला वाजवलं. साउंड माझाच होता. पहिली दोन कडवी पोरं मोबाइलमध्येच होती, खोटं कशाला सांगू. ढोल आला तशा मागच्या रांगा उठल्या. गाणं संपल्यावर पुन्हा वाजवा म्हणून ओरडा झाला. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा ध्रुवपदाची ओळ अख्खं मैदान म्हणत होतं आणि समोरचा आवाज इतका वर आला की मला गाणाऱ्याचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर सरकवावा लागला. तीच पोरं, तेच गाणं. मधे फरक होता तो फक्त एकदा ऐकून झाल्याचा.

ही मुलं पेन ड्राइव्ह घेऊन तुमच्यापैकी एका केंद्रावर गेली होती. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या केंद्रावर गेली असती तरी फार वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. त्यांना नीट बसवलं, चहा पाजला. मग सांगण्यात आलं की प्लेलिस्ट मुंबईहून येते, रॉक फॉरमॅटमध्ये बसत नाही, पाच मिनिटांचं गाणं फार लांब होतं, आणि नाशिकचा श्रोता अशी गाणी ऐकत नाही. फारच वाटलं तर रविवारी रात्री अकराच्या पुढे एकदा लावू.

या चार कारणांमधलं शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. नाशिकचा श्रोता काय ऐकत नाही, हे कुणी मोजलं?

रेडिओ ऐकणाऱ्यांची साप्ताहिक मोजणी, जिला तुम्ही मंडळी रॅम म्हणता, ती २००७ मध्ये सुरू झाली. घराघरांत डायऱ्या देऊन कोण कुठल्या वेळी कुठलं केंद्र लावतं ते लिहून घ्यायचे. पण ती मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांची. द्वारका चौकात सिग्नलला अडकलेल्या रिक्षावाल्याच्या हातात, सातपूरच्या शिफ्टला निघालेल्या कामगाराच्या हातात, पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या बाईच्या हातात ती डायरी आली नाही. त्यांची आवड मुंबईतल्या आकड्यांवरून ठरते.

दुसरी पद्धत गाण्याच्या तुकड्याची. आठ-दहा सेकंदांचा हुक फोनवर ऐकवायचा आणि आवडलं का विचारायचं. ओळखीच्या गाण्यासाठी ही चाचणी ठीक आहे. लोकांना एखादं गाणं ऐकून ऐकून कंटाळा आलाय का, हे तिच्यातून कळतं. पण जे गाणं कुणी कधी ऐकलेलंच नाही, त्याचा मधलाच तुकडा ऐकवून काय कळणार? रॉकची तर बांधणीच चढत जाणारी. दीड मिनिट दबून राहिलेलं गाणं तिसऱ्या कडव्याला फुटतं तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो काटा आधीच्या दीड मिनिटामुळे येतो. दहा सेकंदांच्या तुकड्यात हे बसवायला गेलं तर ढोल म्हणजे नुसता गोंगाट.

मराठी रेडिओला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं गेलं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर, एकूण ५६. त्यातलं एकही गाणं प्रसारणाआधी लोकांच्या ओळखीचं नव्हतं, मागे सिनेमाही नव्हता. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: शुक्रवारी सकाळी पावणेनऊला गाणं लागायचं आणि तेच गाणं शनिवारी आणि रविवारी सकाळी पुन्हा लागायचं. आठवड्यात तीनदा, ठरलेल्या वेळेला. घरोघरी लोक रेडिओसमोर वही-पेन घेऊन बसायचे, कारण शुक्रवारी सुटलेला शब्द शनिवारी सापडायचा. त्या काळच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी नवं गाणं नुसतं एकदा लावलं नाही, ते कानात बसेपर्यंत लावलं. पंचवटीच्या गावात बसून तुम्हाला गीतरामायणाचा दाखला देतोय, तो त्या प्रसारणाच्या वेळापत्रकासाठी देतोय.

आकाशवाणीला जाहिरातींची चिंता नव्हती, आम्हाला आहे, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. मग जाहिरातींवर जगणाऱ्या केंद्राचं उदाहरण देतो.

लंडनचं कॅपिटल रेडिओ १९७३ मध्ये सुरू झालं, तुमच्यासारखंच खासगी. १९७५ मध्ये क्वीन या बँडने एक गाणं बनवलं, बोहेमियन ऱ्हॅप्सडी. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. त्यात नेहमीचं ध्रुवपद नाही, मधेच ऑपेरा, शेवटाकडे कडकडीत गिटार. रेकॉर्ड कंपनीला वाटलं, एवढं लांब गाणं रेडिओ घेणारच नाही. बँडच्या ओळखीतला केनी एव्हरेट हा कॅपिटलवर डीजे होता. त्याच्याकडे गाण्याची प्रत गेली, वाजवू नकोस असं सांगून. त्याने आधी तुकडे लावले, मग पूर्ण गाणं, आणि शनिवार-रविवार मिळून चौदा वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानांत ती रेकॉर्ड मागायला गेले आणि रेकॉर्ड अजून बाजारात आलेलीच नव्हती. नंतर ते गाणं ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, सलग नऊ आठवडे पहिलं राहिलं. १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरी गेला तेव्हा पुन्हा पहिल्या नंबरला येऊन पाच आठवडे टिकलं. अमेरिकेत १९७६ मध्ये नववं आणि १९९२ मध्ये दुसरं. फ्रेडी म्हणजे फरोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्याचा पहिला बँडही तिथल्या मुलांचाच होता. रॉक आपल्या मातीतलं नाही म्हणणाऱ्यांनी निदान साताऱ्याच्या घाटातल्या त्या वसतिगृहाकडे एकदा बघावं.

या गोष्टीत मला गाण्याच्या थोरवीपेक्षा त्या डीजेचं धाडस जास्त दिसतं. गाणं उत्तम होतंच. पण सहा मिनिटांचं ते उत्तम गाणं कपाटात पडून राहिलं असतं, तर कुठल्याच चार्टला त्याचा पत्ता लागला नसता. एका माणसाने माइकपुढे बसून ठरवलं की हे लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकावं, आणि लांबीचा नियम दोन दिवसांत मोडीत निघाला.

चार्टचंही एक सांगतो, कारण हे चार्टवर नाही, मग कसं लावणार, हा सवाल आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. चार्ट म्हणजे आकाशातून पडलेला निकाल नव्हे, तो कुणीतरी ठरवलेल्या मोजणीचा हिशेब असतो. १९९८ मध्ये गू गू डॉल्स या अमेरिकन बँडचं आयरिस नावाचं गाणं तिकडच्या रेडिओ-प्रसारणाच्या यादीत अठरा आठवडे पहिलं होतं. रेडिओ लावला की तेच. तरी बिलबोर्ड या तिकडच्या मासिकाच्या हॉट हंड्रेड या मुख्य यादीत ते त्या काळात शंभराव्या नंबरलाही नव्हतं! कारण तेव्हाचा नियम असा की जे गाणं सुटं सिंगल म्हणून दुकानात विकायला नाही, ते यादीत घ्यायचं नाही, आणि आयरिस कंपनीने तसं विकायला काढलं नव्हतं. ५ डिसेंबर १९९८ च्या यादीपासून नियम बदलला आणि गाणं थेट नवव्या नंबरावर दिसलं. त्याची भरती तोवर ओसरलेली होती. ऐकणारे लाखो लोक आधीही होते, फक्त ते मोजले जात नव्हते.

आमच्या मुलांची अवस्था याहून एक पायरी खाली आहे. तिथे निदान रेडिओ तरी वाजवत होता.

आणि आपल्या जिल्ह्याचाच इतिहास बघा. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. त्यांची गाणी कुठल्या चार्टवर होती? ती गावोगावच्या गायनपार्ट्यांनी, जलशांनी, रात्ररात्र जागून माणसांपर्यंत नेली. पुन्हा पुन्हा गाऊन. आजही चौदा एप्रिलला नाशिकच्या कुठल्याही वस्तीत जा, लहान पोरांना ती पाठ असतात. चार तासांच्या कार्यक्रमात एकच गाणं तीनदा मागणारा श्रोता मी स्टेजच्या बाजूला उभा राहून पाहिलाय. हाच तो नाशिकचा श्रोता. शब्दांत जीव असेल तर त्याला मोठा आवाज, मोठं वाद्य, मोठं गाणं चालतं. पोवाड्यावर वाढलेला माणूस ड्रमला घाबरत नाही.

सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवात, सुला फेस्टला, २००८ पासून या शहराने बाहेरचे बँड ऐकले. मुंबई-पुण्याहून गाड्या भरून माणसं गंगापूर धरणाकडे आली. म्हणजे नाशिकचं नाव संगीताच्या नकाशावर आहे. तिथे स्टेज बांधणारे, केबल ओढणारे, मॉनिटर लावणारे हात आमचेच असतात. त्याच हातांची मुलं रात्री स्वतःची गाणी करतात, आणि ती ऐकायला मात्र जागा नाही.

रविवारी रात्री अकराच्या वेळेविषयी. तुम्ही ती चांगल्या मनाने देऊ केली असेल. पण त्या वेळी लावलेलं गाणं एकदाच लागतं आणि पडतं, आणि मग तेच पुढच्या मुलांना पुरावा म्हणून दाखवलं जातं की बघा, मागे लावलं होतं, कुणाचा फोन आला नाही. यापेक्षा न लावलेलं बरं. द्यायची तर दिवसाची वेळ द्या. सकाळी नऊला गंगापूर रोडवर गाड्या थांबलेल्या असतात तेव्हा, दुपारी तीनला दुकानं ओस असतात तेव्हा, संध्याकाळी सहाला अंबडची पाळी सुटते तेव्हा.

नाव घेण्याबद्दल मी आग्रही आहे. आजकाल तुमच्या केंद्रांवर दोन गाण्यांमध्ये जिंगल असते, स्पर्धा असते, गमती असतात, पण गाणं कुणाचं ते बहुतेक वेळा सांगत नाहीत. सिनेमाच्या गाण्याला ते खपून जातं, कारण पोस्टर रस्त्यावर लागलेलं असतं. नव्या बँडकडे पोस्टर नसतं. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत निवेदिका गायक, गीतकार, संगीतकार तिघांची नावं घ्यायच्या, आणि त्यामुळेच माझ्या आईला चाळीस वर्षांपूर्वीच्या भावगीतांचे कवी आजही तोंडपाठ आहेत. चार शब्दांना चार सेकंद लागतात.

पैशांचं आणि कागदपत्रांचं बोलणंही नीट होऊ द्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकाराला प्रसारणाच्या मानधनात हक्क मिळाला. या मुलांना तो कुणी समजावून सांगितलेला नाही. कायद्याची कटकट नको म्हणून केंद्रं मोठ्या लेबलांच्या यादीबाहेर पाऊल टाकत नाहीत, हेही मला कळतं. म्हणून माझ्या ओळखीच्या तीन बँडना मी बसवून सांगितलंय: गाण्यावर कुणाची मालकी किती ते आधी आपसात लिहून ठेवा, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा, गाण्याला आयएसआरसी नंबर, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या. कामं चालू आहेत. तुमच्या कायदा विभागाला आणखी काय लागतं ते एका पानावर लिहून केंद्राच्या दारावर लावा. पुढचं पोरगं पेन ड्राइव्ह घेऊन येईल ते कागद घेऊनच येईल.

आकाशवाणीच्या मंडळींना वेगळं काही सांगत नाही. स्थानिक कलाकाराला स्वरचाचणी घेऊन माइकपुढे बसवणं हे तुमचं जुनं काम आहे. सुगम संगीताची दारं उघडी आहेत तशी गिटार, ड्रम आणि ढोल घेऊन आलेल्या चौघांसाठीही उघडा, एवढीच विनंती. सामुदायिक रेडिओने आपल्या शहरात स्थानिक आवाजाला जागा दिली, त्याबद्दल रेडिओ विश्वासचं मनापासून कौतुक आहे. पण सामुदायिक केंद्राला १०० वॉटची मर्यादा असते, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे आवाज विरतो. तुमचे ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये आहेत. ओझर, दिंडोरी, सिन्नरच्या रस्त्यावर टेम्पोत जे ऐकू येतं ते तुमचं. ज्या बापाच्या रात्रीवर ते गाणं आहे, तो कांदा घेऊन त्याच रस्त्यांनी जातो.

लांबीची अडचण खरीच वाटत असेल तर मुलांशी बोलून मी ३ मिनिटं ५० सेकंदांचा वेगळा मिक्स करून ठेवलाय. सुरुवातीचा शांत भाग त्यात अर्ध्यावर आणलाय, तिसरं कडवं आणि ढोल पूर्ण आहेत. माझ्या कानाला मूळचंच गाणं चांगलं वाटतं आणि तुम्ही दोन्ही ऐकून मूळचंच निवडावं अशी इच्छा आहे. प्रसारणासाठी आवाजाची पातळी तुमच्या प्रोसेसरला मानवेल अशी ठेवलीय, मास्टर, म्हणजे शेवटची तयार प्रत, ठेचून मोठा केलेला नाही.

मोजणीचं काय करायचं, तेही सुचवतो. सहा आठवडे गाणं लागेल तेव्हा व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फर्माइशी वेगळ्या वहीत टिपून ठेवा, पहिल्या आठवड्याच्या वेगळ्या आणि सहाव्या आठवड्याच्या वेगळ्या. गाव लिहायला सांगा. त्र्यंबक, घोटी, येवला, चांदवड, कुठून कुठून विचारणा येते ते दिसू द्या. ती वही मला दाखवायची गरज नाही, मुंबईच्या कार्यालयाला दाखवा.

अंबडची ती खोली संध्याकाळी साडेसातनंतर उघडी असते. तुमच्यापैकी कुणालाही यायचं असेल तर गरवारे पॉइंटवर न्यायला येतो. त्या गाण्याखेरीज आणखी पाच गाणी तयार आहेत, दोन दुसऱ्या बँडची, त्यातलं एक मुलीने लिहिलेलं आणि तिनेच गायलेलं. मला ते पहिल्यापेक्षाही उजवं वाटतं. बसून ऐका, दोनदा ऐका, आणि यापैकी कुठलं सोमवारपासून लावताय ते कळवा.

आपला,
नाशिकमधला एक साउंडवाला